कुणाला काय कळायला हवं

डॉमनिक, तुझ्या मातीच्या दिवशी तुझ्या काकांनी मला दफनभूमीच्या फाटकाशी गाठलं. काठी टेकत, धापा टाकत ते माझ्यापाशी आले आणि म्हणाले, "तू आमच्या डॉमनिकच्या कंपनीतला ना? मग सांग, तो नक्की काय काम करायचा तिकडे?"

मी म्हणालो, "एमआयएस बघायचा."

"म्हणजे कम्प्युटर?"

"कम्प्युटरवरचं. माहितीचं काम."

"कसली माहिती? पाव तर भट्टीत भाजतात."

मागून लोक येत होते, आम्ही वाटेत उभे होतो, म्हणून विषय तिथेच राहिला. पण खरं सांगू का, वाट मोकळी असती तरी मला सांगता आलं नसतं. इतकी वर्षं तुझ्या शेजारच्या टेबलावर बसून एका म्हाताऱ्या माणसाला दोन वाक्यांत सांगता येईल असं काही माझ्याकडे नव्हतं. घरी आलो, आंघोळ केली, जेवलो नाही. तेव्हापासून जो थकवा आलाय तो झोपून जात नाही. रडू आलं असतं तर बरं झालं असतं, पण तेही धड येत नाही. म्हणून हे लिहितोय. काकांसाठी नाही. तुझ्याशी बोलायची सवय मोडत नाही म्हणून.

तू आमच्याकडे आलास तेव्हा मी तुला फार मनावर घेतलं नव्हतं. मुंबईतली मोठ्या कंपनीतली नोकरी सोडून माणूस गिरीजच्या वाडीत परत येतो, केळी-नारळ बघत बघत वसई पूर्वेच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका बेकरीत नोकरी धरतो, म्हणजे एकतर त्याला कंटाळा आलाय नाहीतर काढून टाकलंय, असं मी विरारच्या ट्रेनमध्ये कुणाला तरी सांगितलंही होतं. बेकरी तेव्हा वाढत होती. मालकांच्या, म्हणजे मोठ्या साहेबांच्या, वडिलांनी गावात लाकडाच्या भट्टीवर सुरू केलेला धंदा आता वसईपासून विरारपर्यंत आणि खाली भाईंदरपर्यंत पाव, ब्रेड, बटर पोचवत होता. गाड्या वाढल्या, दुकानं वाढली आणि कुणालाच काही कळेनासं झालं. विक्री आणि गाड्या माझ्याकडे. म्हणजे पहाटे उठल्यापासून माझा फोन वाजायचा. नालासोपाऱ्याचा दुकानदार ओरडायचा, माल आला नाही. ड्रायव्हर म्हणायचा, निघालो. डिस्पॅचवाला म्हणायचा, कधीच निघाला. तिघांपैकी खोटं कोण बोलतंय हे शोधण्यात माझी सकाळ संपायची.

पहिल्या आठवड्यात तू कम्प्युटर उघडलाच नाहीस. एक खुर्ची घेऊन एकेकाजवळ जाऊन बसलास. भट्टीवरच्या सुपरवायझरजवळ, गोदामात, अकाउंटमध्ये, मोठ्या साहेबांच्या केबिनमध्ये. सगळ्यांना एकच प्रश्न. "सकाळी आल्याआल्या तुम्हाला पहिली कुठली गोष्ट कळली पाहिजे? आणि ती कळली की तुम्ही काय करणार?"

मी म्हणालो होतो, "गाड्या सुटल्या का, एवढं कळलं तरी मी देवाला नारळ फोडीन."

"आणि सुटली नसेल तर काय करशील?"

"दुसरी गाडी वळवीन."

"मग तुला न सुटलेली गाडीच कळायला हवी. सुटलेल्या गाड्यांची यादी घेऊन तू काय करणार आहेस?"

मला तेव्हा ते शब्दांचे खेळ वाटले. पण महिन्याभराने माझ्या टेबलावर एक पान यायला लागलं. त्यावर दोन-तीनच ओळी असायच्या. कुठली गाडी अडकली, कुठल्या दुकानाची मागणी अचानक वाढली किंवा पडली. बस. मोठ्या साहेबांचं पान वेगळं, त्यात रोजची गडबड नसायची; महिन्याचा कल, कुठला भाग वाढतोय, कुठे नवी भट्टी लागेल. भट्टीवरच्या सुपरवायझरचं पान आणखी वेगळं. मी एकदा म्हणालो, "सगळ्यांना सगळंच का देत नाहीस? आहे ना तुझ्याकडे?" तू हसलास. "सगळं दिलं की कुणी काहीच वाचत नाही, सुधीर. कुणाला काय कळायला हवं, हे ठरवणं हेच तर काम आहे."

माझा सकाळचा फोन हळूहळू शांत झाला. माझी मुलगी तेव्हा दुसरीत होती. तिला शाळेच्या रिक्षात बसवायला मी खाली उतरायला लागलो. ती मला तिच्या बाईंच्या गोष्टी सांगायची, मी ऐकायचो, कानाला फोन नसायचा. डॉमनिक, ही गोष्ट मी तुला कधी सांगितली नाही. सांगायला हवी होती. तुला वाटायचं तुझ्या कामाने बेकरीतला माल वाया जाणं कमी झालं. ते झालंच. पण एका घरात एक बाप सकाळी मोकळा झाला, हे तुझ्या कुठल्याच रिपोर्टात आलं नाही.

मग तो चाळणीचा दिवस. तो मला पुन्हा पुन्हा आठवतो.

दुपारी साफसफाई करताना सुपरवायझरला दिसलं की मैदा चाळायच्या यंत्राची जाळी एका कोपऱ्यात फाटलीय आणि तारेचा एक तुकडा जागेवर नाही. धातू पकडणारं यंत्र तेव्हा आपल्याकडे नव्हतं. तार मैद्यात गेली असेल तर सकाळच्या ब्रेडमध्ये गेली, आणि सकाळचा ब्रेड गावोगाव गेला होता. मोठे साहेब केबिनमधून बाहेर आले तेव्हा त्यांचा चेहरा पांढरा पडला होता. कुणीतरी म्हणालं, "बारीक तार आहे, सापडायचीसुद्धा नाही." मोठे साहेब म्हणाले, "कुणाच्या घशात सापडली तर?"

तू प्रत्येक क्रेटवर लॉटचा स्टिकर लावायला लावला होतास. लोडिंगची मुलं तुला शिव्या द्यायची त्यापायी, मीही देत होतो. त्या दुपारी तू बसल्या जागी सांगितलंस, फाटक्या जाळीचा मैदा कुठल्या लॉटमध्ये गेला, ते क्रेट कुठल्या गाड्यांत चढले, कुठल्या दुकानांत उतरले. आम्ही फोन लावत गेलो, गाड्या परत फिरवत गेलो. दुकानदार कुरकुरले, पण माल परत येत गेला. फक्त एका क्रेटचा मेळ बसेना. तुझ्या हिशेबात तो क्रेट हरेशच्या गाडीत होता. हरेशच्या दुकानदारांकडे तो उतरलाच नव्हता.

हरेश पाचूबंदरचा. घरच्यांच्या होड्या, आणि हा आमच्याकडे गाडीवर. तू त्याला फोन लावलास. मी तुझ्या हातातून फोन ओढून घेणार होतो, मला त्याला चांगला झापायचा होता. तू मला हाताने थांबवलंस आणि त्याला विचारलंस, "हरेश, क्रेट कुणाला दिला?"

का दिला, असं तू विचारलं नाहीस. ते माझ्या फार नंतर लक्षात आलं.

"कलंबच्या गाडीला दिला, साहेब," तो म्हणाला. कळंबला ते लोक कलंबच म्हणतात. "त्याला माल कमी पडला होता. सोपाऱ्याच्या नाक्यावर भेटलो, तिथंच दिला. आमी देतो कधीमधी एकमेकांना. कोनाला सांगत नाय."

कळंबच्या ड्रायव्हरने तो क्रेट समुद्राकाठच्या एका कॉटेजवर उतरवला होता. आपण दोघं तुझ्या गाडीने निघालो. पोचलो तेव्हा उन्हं कलत आली होती. कॉटेजच्या अंगणात कुठल्यातरी ज्येष्ठ नागरिक संघाची सहल उतरली होती. सुरूच्या झाडांखाली खुर्च्या, टेबलावर चहाची किटली, आणि एक बाई ब्रेडला लोणी लावत होत्या.

गाडीत मी तुला पढवलं होतं. सांगू, तारीख उलटलेला माल चुकून आला, बदलून देतो. तू सरळ टेबलापाशी गेलास आणि म्हणालास, "नमस्कार. आम्ही बेकरीतून आलोय. या ब्रेडमध्ये तारेचा तुकडा असू शकतो. कृपा करून कुणी खाऊ नका."

सगळे थबकले. मग त्या लोणी लावणाऱ्या बाई म्हणाल्या, "अहो, पण आम्ही सगळ्यांसाठी मोजून घेतलाय. आता चहाबरोबर काय खायचं?"

"मावशी, मी दुसरं आणून देतो."

"आणि इतक्यात कुणी खाल्लं असेल तर?"

"त्यांच्यासोबत मी डॉक्टरकडे येतो."

सुदैवाने कुणीच खाल्लं नव्हतं; चहा व्हायचा होता. एक आजोबा तुझ्याकडे बघत राहिले आणि म्हणाले, "बेकरीवाले असं सांगायला आलेले मी पहिल्यांदाच बघतोय." तू गावात जाऊन त्यांच्यासाठी बिस्किटं घेऊन आलास. आपण क्रेट गाडीत टाकून निघालो तोवर बेकरीतून फोन आला. तार सापडली होती, दुसऱ्याच क्रेटमधल्या ब्रेडमध्ये. तो क्रेट आपल्याकडे केव्हाच परत आला होता.

मी म्हणालो, "म्हणजे उगाच एवढी धावपळ केली."

"उगाच कशी? आपल्याला ठाऊक कुठे होतं?"

निर्मळच्या तळ्यापाशी आपण चहाला थांबलो. मी तुझी थट्टा करत होतो, की एवढी तुझी सिस्टीम, आणि नाक्यावर दोन ड्रायव्हर भेटले की संपली. तू चिडला नाहीस. म्हणालास, "चूक माझी. ते एकमेकांना माल देतात हे मला कुणी सांगितलं नाही, कारण सांगायला मी जागाच ठेवली नाही. आणि सांगितलं तर ओरडा बसेल असं त्यांना वाटलं."

दुसऱ्या दिवशी तू सगळ्या ड्रायव्हरांना माल चढवायच्या फलाटावर बोलावलंस. त्यांच्या फोनवरच्या अॅपमध्ये एक नवीन रकाना टाकलास, "दिलं-घेतलं". आणि त्यांना शब्द दिलास, की यात जे लिहाल त्यावरून कुणालाही बोल लागणार नाही. मोठे साहेब बाजूला उभे होते, त्यांनीही मान हलवली. मुलं लिहायला लागली. दोन महिन्यांत तुझ्या लक्षात आलं की शनिवारी कळंबच्या बाजूला माल हमखास कमी पडतो, आणि सोमवारी विरारला उरतो. तू मागणीचे आकडे बदललेस. ड्रायव्हरांना एकमेकांना माल द्यायची वेळच कमी आली. मोठे साहेब एकदा मला म्हणाले होते, "हा डॉमनिक मला माझाच धंदा दाखवतो रे." ते वाक्य मी तुझ्यापर्यंत पोचवलं होतं का? आठवत नाही. नसेल पोचवलं तर हे आता.

पुढचं तुला सांगायची गरज नाही, तरी लिहितो. माझं डोकं त्यातच अडकलंय.

मोठ्या साहेबांचे गुडघे गेले आणि धाकटे साहेब आले. माणूस वाईट नाही. बँकेला उत्तर द्यायचं, नवीन भट्टीचं कर्ज, बाजारात मोठ्या कंपन्यांचा ब्रेड. त्यांनाही झोप नसावी. त्यांनी मोठं सॉफ्टवेअर घेतलं, मीटिंगच्या खोलीत भिंतभर स्क्रीन लावला. त्यावर प्रत्येक ड्रायव्हरचं, प्रत्येक सेल्समनचं नाव, लाल नाहीतर हिरवं. एका मीटिंगमध्ये त्यांनी तुला विचारलं, "हे दिलं-घेतलं काय आहे? माल आपला, आणि हे रस्त्यात वाटून घेतात? कोण कोण करतं ते मला नावानिशी पाहिजे."

तू म्हणालास, "सर, हे त्यांनी आपणहून सांगितलंय."

"मग?"

"त्यावरून कुणाला धरलं तर उद्यापासून सांगणार नाहीत."

"डॉमनिक, सिस्टीम कशाला आणली आपण? कंट्रोलसाठी ना?"

"कळण्यासाठी, सर."

तू नावं दिली नाहीस. सॉफ्टवेअर कंपनीच्या मुलीने ती काढून दिली, तिचं ते कामच होतं. हरेशला आणि आणखी एकाला घरी बसवलं. पुढच्या मीटिंगमध्ये तो रकाना रिकामा होता. भिंतभर हिरवं. धाकटे साहेब खूश झाले. म्हणाले, शिस्त लागली. मी टेबलाखाली बघत बसलो. कॅन्टीनमध्ये तू मला म्हणालास, "आता आपल्याला काहीच दिसत नाही, सुधीर. पूर्वी दिसत नव्हतं तेव्हा निदान दिसत नाही हे तरी माहीत होतं."

हरेशला महिन्याभराने परत घेतलं. तो खाली मान घालून गाडी चालवायचा. शनिवारी कळंबला पुन्हा ओरड सुरू झाली, माझा फोन पुन्हा वाजायला लागला. आणि तू प्रत्येक रिपोर्टच्या शेवटी एक ओळ टाकायला लागलास. "या आकड्यांवर विसंबून निर्णय घेऊ नये."

त्यावरूनच आपलं वाजलं. रविवार होता, तुम्ही चर्चहून नुकतेच आला होतात, मी केळीच्या घडासाठी म्हणून गिरीजला आलो होतो. तुझ्या विहिरीपाशी आपण उभे होतो. मी म्हणालो, "स्वतःच्याच रिपोर्टखाली असं कुणी लिहितं का? उद्या ते म्हणतील, मग तुला ठेवलाय कशाला?"

"बरोबरच म्हणतील."

"अरे, नोकरी आहे. मागतील ते द्यावं. खरं-खोटं वर बसलेल्यांनी बघावं."

"वर बसलेल्याला खालचं दिसत नाही म्हणून तर मी आहे ना? मीच खोटं द्यायला लागलो तर तो कुठे बघणार?"

"मग राजीनामा दे."

तू माझ्याकडे बघितलंस. "आणि माझ्या जागेवर कोण येईल? ती ओळ कोण लिहील?"

मी म्हणालो, ओळीने काय होतं. ती कुणी वाचतसुद्धा नाही. तू म्हणालास, वाचत नसतील, पण आहे ना. इतक्यात रीटावहिनींनी जेवायला हाक मारली. इंदेल होतं, तुमच्याकडचं व्हिनेगरमधलं आंबट कालवण; तू मला आग्रह करून वाढत होतास. त्यानंतर आपण रोज बोलत होतो. मुलांच्या परीक्षा, टँकरचं पाणी, स्टेशनजवळचा खोदलेला रस्ता. त्यावर मात्र बोललो नाही. भांडण संपलंही नाही आणि पुढेही गेलं नाही. आता मी एकटाच दोन्ही बाजूंनी भांडत बसतो. तुझी बाजू मांडताना मला तुझ्याइतकं नीट जमत नाही.

तू राजीनामा द्यायला हवा होतास, असं मला अजून वाटतं. दोन वर्षं ते सगळं छातीवर घेऊन बसलास. डॉक्टर म्हणाले, हृदयाचा आजार आधीपासूनच असणार. असेल. वहिनी म्हणतात, सकाळी वाडीत केळीची पानं कापायला गेलास आणि पाटाच्या कडेला बसलास, ते उठलाच नाहीस. त्या हे इतक्या शांतपणे सांगतात की ऐकणाऱ्याला बसायला जागा शोधावी लागते.

धाकटे साहेब मातीला आले होते. तुझ्या खड्ड्यात त्यांनी मूठभर माती टाकली आणि बराच वेळ तिथेच उभे राहिले. मी पाहिलं, त्यांचे डोळे लाल होते. चार दिवसांनी त्यांनी मला केबिनमध्ये बोलावलं. म्हणाले, "दुसरा माणूस मिळेपर्यंत डॉमनिकचं काम तू बघ."

मी खूप थकलेलो होतो, डॉमनिक. शूरपणा वगैरे अंगात नव्हता. कदाचित म्हणूनच बोललो. म्हणालो, "सर, तो ज्या पद्धतीने करायचा तेवढंच मी बघितलंय. दुसरी पद्धत मला येत नाही. ड्रायव्हरांची नावं मी वर देणार नाही. चालत असेल तर बघतो."

"तू पण?" ते म्हणाले.

त्यांनी समोरचा कागद उलटा केला, सुलटा केला. मग म्हणाले, "त्याची ती शेवटची ओळ. मी वाचायचो रे. दर वेळी वाचायचो. राग यायचा." कागद बाजूला सारून म्हणाले, "नाताळपर्यंत करून बघ. नावं नकोत. नाताळानंतर बसू."

तू ऐकायला हवं होतंस हे. वाचत होते ते. मी तुला विहिरीपाशी म्हणालो होतो की कुणी वाचत नाही. त्या मुद्द्यावर तू जिंकलास, आणि हे तुला सांगायला मला वाडीत येता येत नाही.

काल दुपारी मी ड्रायव्हरांना फलाटावर बोलावलं. रिकाम्या क्रेटांवर सगळे बसले. तू कसं बोलायचास ते आठवून बोलायला गेलो आणि मध्येच अडकलो. शेवटी सरळ सांगितलं, की तो रकाना पुन्हा भरा, तुमची नावं माझ्यापलीकडे वर जाणार नाहीत. कुणी हललं नाही. एकजण फोनशी चाळा करत राहिला. त्यांनी एकदा विश्वास ठेवून बघितला होता, आणि तो ज्याच्यावर ठेवला तो माणूस आता नाही. माझ्यावर का ठेवावा, हे मलाही सांगता आलं नसतं.

मग हरेश मागून म्हणाला, "डॉमनिकसाहेब पन असंच बोलले होते."

"हो."

"त्यांचं वर कोनी ऐकलं नाय."

"नाही ऐकलं."

"उद्या साहेबांनी नावं मागितली, तुमी दिली नाय, तर तुमाला काढतील?"

मी थोडा विचार केला. घराचे हप्ते आहेत, मुलगी बारावीला आहे. म्हणालो, "काढतील बहुतेक."

हरेशने माझ्याकडे नीट पाहून घेतलं. बाकीचे त्याच्याकडे बघत होते.

"मग लिहितो," तो म्हणाला, आणि गाडीची चावी घेऊन उठला.